काका ‘यस’च दाबणार, तेव्हा सेटिंग तूच ठरवून ये

पत्र असं आलंय:

“दादा, मी नेरुळला राहते, ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बाबा आमच्या सेक्टरमधल्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राच्या कमिटीवर आहेत. एका ऑफिसने केंद्राला पाच जुने कॉम्प्युटर दिलेत, चारांवर विंडोज १० आणि एकावर विंडोज ७, आणि ‘तू कॉम्प्युटरवाली ना’ म्हणून सगळं माझ्या गळ्यात पडलंय. नेटवर्किंगचं मला फार कळत नाही. नेटवाल्याने वायफायचा पासवर्ड म्हणून केंद्राचाच फोन नंबर ठेवलाय, कॅमेरेवाला राउटरमध्ये काहीतरी वेगळंच करून गेलाय. सगळं बंदिस्त केलं तर प्रिंटर चालत नाही म्हणून ओरडा, मोकळं सोडलं तर मलाच धाकधूक. हिशेब बघणारे काका म्हणतात, ‘आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का, सगळं चालू ठेव, आमचं आम्ही बघू.’ मग दर वेळी त्यांनाच विचारेल अशी सेटिंग ठेवू, की मीच ठरवून टाकू? आणि ठरवायचं तर नक्की काय?” (एक वाचक, नेरुळ)

अगं, तूच ठरव. बाहेरून आत येणारं सगळं बंद ठेव, आणि बंद ठेवूनही प्रिंटर चालेल अशी सोय त्याच दिवशी करून मगच घरी जा. हा शेवटचा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग आधीचं सगळं केलेलं पाण्यात जातं, कारण प्रिंटर अडला की कोणाचा तरी भाचा येतो, फायरवॉल (न बोलावता आत येणाऱ्याला अडवणारी विंडोजची सोय) अख्खी बंद करतो, ‘बघा, चालला’ म्हणतो आणि निघून जातो, आणि ती फायरवॉल मग कोणी परत चालू करत नाही. म्हणजे तुला कडक सेटिंग करायचीच आहे पण ती कोणाच्या रोजच्या कामात आडवी येता कामा नये, तेवढं जमलं तर ती टिकेल.

विचारणारी सेटिंग तर अजिबात नको. विंडोज १० ला नवीन नेटवर्क मिळालं की उजव्या बाजूने एक पट्टा सरकत येतो, त्यात विचारलेलं असतं की या नेटवर्कवरच्या बाकीच्या कॉम्प्युटरांना हा पीसी दिसू द्यायचा का, आणि खाली यस-नो. आता खुर्चीत काका बसलेत, चष्मा कपाळावर, मागे दोघं विजेचं बिल भरायला थांबलेत आणि बिलाची आज शेवटची तारीख. काका काय दाबणार? यस. कारण आजवर यस दाबलं की काम पुढे सरकलंय आणि नो दाबलं की मुलाला फोन लावावा लागलाय. यात काकांचं काही चुकत नाही गं, ‘डिस्कव्हरेबल’ म्हणजे काय, हो म्हटलं तर नक्की काय होईल, हे न सांगता उत्तर मागणं हाच मुळात आगाऊपणा. आणि विचारून घेतलं म्हणून जबाबदारी त्यांची झाली असं म्हणणं तर मला सरळ हात झटकणं वाटतं.

डिफॉल्ट, म्हणजे कंपनीतून येतानाची सेटिंग, चालू आहे की बंद याने केवढा फरक पडतो ते विंडोज एक्सपीच्या वेळी अख्ख्या जगाने बघितलंय. २००१ ला एक्सपी आलं तेव्हा त्यात फायरवॉल होती बरं का, आतच होती, फक्त बंद ठेवलेली आणि अशा कोपऱ्यात की शोधायला गेलेल्यालाच सापडावी. मग ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून मशीनमागून मशीनमध्ये पसरणारा प्रोग्राम, आला. त्याला ना कोणी फाइल उघडायला लागायची ना लिंकवर क्लिक करायला, मशीनला पॅच (दुरुस्तीचं अपडेट) न लावलेला आणि पोर्ट १३५ (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार) उघडा असला की झालं, स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू आणि मशीन रीस्टार्ट, परत चालू केलं की परत तेच. त्या काळात ज्यांनी सायबर कॅफे चालवलेत त्यांना विचार. गंमत म्हणजे त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच काढला होता, फायरवॉल तर आधीपासून पडूनच होती, तरी इतकी मशीनं गेली. शेवटी ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला आणि त्यात फायरवॉल आपोआप चालू होऊन आली. वर्षभरात लोक काही हुशार झाले नव्हते, त्यांना काही करावंच लागलं नाही एवढंच.

तर आता तुझी मशीनं. विंडोज १० वाल्या प्रत्येकावर (विंडोज ७ वाल्याचं शेवटी सांगतो) सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघड आणि प्रोफाइल ‘पब्लिक’ ठेव. भरपूर लोक इथे ‘प्रायव्हेट’ निवडतात कारण ते ऐकायला जास्त सुरक्षित वाटतं, पण विंडोजच्या हिशेबात पब्लिक म्हणजे ‘आजूबाजूचे परके आहेत, मला लपव’. ते केलं की नेटवर्क डिस्कव्हरी (मशीनं एकमेकांना दिसणं) आणि फाइल शेअरिंग बंद राहतं. फायरवॉल चालूच असेल, तरी बघून घे, कारण जुन्या ऑफिसच्या मशीनवर कोणी काय केलेलं असेल सांगता येत नाही (खरं तर ही मशीनं सरळ फॉरमॅटच करून घे, दुसऱ्याचं ऑफिस आत कशाला ठेवतेस). कंट्रोल पॅनलमध्ये फायरवॉलच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये ‘नवीन अ‍ॅप अडवलं की मला सांग’ अशी एक टिकमार्क असते, ती पण काढून टाक, म्हणजे तो प्रश्न येणारच नाही, गुपचूप अडवेल.

आता तू म्हणशील, एवढं सगळं बंद केल्यावर व्हिडिओ कॉल कसा होणार, नातवंडं अमेरिकेत आहेत. होणार. फायरवॉल आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखी, आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, त्याने मागवलेलं पार्सल आलं तर आत सोडते, न बोलावता आलेल्याला मात्र गेटवरच थांबवते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल, झूम, बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूबवरची कीर्तनं, या सगळ्यात सुरुवात आपलं मशीन करतं, म्हणून काही अडत नाही. केंद्रात असं एकही काम मला आठवत नाही ज्यासाठी बाहेरच्या कोणी न विचारता आत यायला हवं.

‘राउटरच्या आत आहोत, मग प्रत्येक मशीनवर वेगळी फायरवॉल कशाला’ हेही कोणीतरी विचारेल. तर मे २०१७ चं वॉनाक्राय, ते फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं, आठव, ते एका मशीनमध्ये शिरलं की फाइल शेअरिंगच्या पोर्ट ४४५ मधून त्याच नेटवर्कमधल्या बाकीच्या मशीनवर स्वतःच पसरायचं. पॅच मार्चमध्येच आला होता, लावला नव्हता ते अडकले, आणि त्यात बहुतेक मशीनं विंडोज ७ वाली होती. तुझ्याकडे पाच मशीनं शेजारी शेजारी आहेत, एक बिघडलं तर बाकीची चार वाचावीत एवढ्यासाठी हे.

प्रिंटरचं मात्र नीट वाच, इथेच सगळी गंमत आहे. लोक प्रोफाइल प्रायव्हेट का करतात, तर प्रिंटर आपोआप ‘दिसावा’ म्हणून. पण प्रिंट काढायला प्रिंटर आपोआप दिसायची गरजच नसते, त्याचा पत्ता माहीत असला की पुरतं. प्रिंटर वायफाय किंवा लॅन केबलवाला असेल तर आधी राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणून जे काही असतं तिथे त्याला एक पत्ता कायमचा नेमून दे, मग प्रत्येक मशीनवर अ‍ॅड प्रिंटरमध्ये ‘मॅन्युअली’ निवडून टीसीपी आयपी वाला पर्याय घे आणि तोच पत्ता टाक. झालं. पब्लिक प्रोफाइल तसंच, फायरवॉल तशीच, आणि प्रिंट बाहेर, कारण मशीन स्वतः प्रिंटरकडे जातंय, प्रिंटर मशीनकडे येत नाहीये. प्रिंटर नुसता यूएसबीवाला असेल तर मात्र तो एकाच मशीनला लावून ‘प्रिंट इथूनच’ असं ठरवून टाका, तो शेअर करायच्या भानगडीत पडू नकोस, त्यासाठी त्या मशीनचं फाइल अँड प्रिंटर शेअरिंग उघडावं लागतं, म्हणजे परत पोर्ट ४४५ आलाच. दोन पावलं चालून पलीकडच्या टेबलावरून प्रिंट काढली तर कोणाचं काही बिघडत नाही.

आणि खरी मागणी येणार मोबाइलवरून, ‘हे व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, जरा छापून दे’. त्यासाठी सगळ्यांचे मोबाइल प्रिंटरच्या नेटवर्कवर घेऊ नकोस. केंद्राचा एक ईमेल काढ, त्यावर पाठवायचं, टेबलावर बसलेला माणूस छापून देईल. प्रत्येकाने त्या पीसीवर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं तर अर्धे जण लॉगआउट करायचं विसरणार, आणि मग एकाच्या घरचे फोटो दुसऱ्याने बघितले यावरून कमिटीत रामायण.

रोजच्या वापराला अ‍ॅडमिन अकाउंट देऊ नकोस, साधं स्टँडर्ड अकाउंट कर आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा. मग फायरवॉलमध्ये भोक पाडायचं किंवा मशीनभर काही इन्स्टॉल करायचं तर तो पासवर्ड लागेल, आणि भाचे मंडळींना निदान तुला फोन करावा लागेल.

राउटर. त्याच्या बुडाला स्टिकर असतो, त्यावर पत्ता दिलेला असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि युजरनेम पासवर्ड, पुष्कळदा दोन्ही अ‍ॅडमिनच. सगळ्यात आधी तो बदल. हे क्षुल्लक वाटतं पण २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या डिव्हाइसांच्या फौजेने) हेच केलं होतं, कंपनीतून येणारे साठेक युजरनेम-पासवर्ड एका यादीत घेऊन जगभरच्या कॅमेऱ्यांना, डीव्हीआरना (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे), राउटरना एकेक लावून बघितले आणि लाखो डिव्हाइस ताब्यात घेतली, आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) नावाच्या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स अशा मोठमोठ्या साइट तासन् तास लटकल्या. त्यात कुठली विद्या नव्हती गं, फक्त लोकांनी डिफॉल्ट बदललेलं नव्हतं. ब्रिटनने तर एप्रिल २०२४ पासून असे सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड देऊन विकायला कायद्यानेच बंदी केलीय, आणि मला तेच बरोबर वाटतं, हे काम नेरुळच्या आजोबांचं नाहीच.

मग रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर चालवायची सोय) बंद, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद, यूपीएनपी बंद. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी असतो, वाटतं दहा कोटी शक्यता, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरूनच निघतो, त्यामुळे साधारण ११ हजार प्रयत्नांत काम होतं, हे २०११ लाच उघड झालंय. यूपीएनपी म्हणजे आतल्या कुठल्याही डिव्हाइसने राउटरला परस्पर सांगायचं की माझ्यासाठी बाहेरून दार उघड, आणि राउटरने उघडायचं, कोणाला न विचारता. केंद्रात कोणी प्लेस्टेशन खेळत नाही, तेव्हा त्याचं काही अडणार नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) ची वेगळी फायरवॉल दिसली तर तीही चालू आहे ना बघ, कारण आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मशीनला थेट जगातून पोचता येईल असा पत्ता मिळू शकतो.

वायफायला सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ एईएस ठेव, डब्ल्यूपीए३ असेल तर मिक्स मोड, म्हणजे जुने मोबाइलही चालतील. आणि दोन नावं कर, एक केंद्राच्या मशीनचं, एक गेस्ट. गेस्टचा पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव, खुशाल, तो लपवण्यात अर्थ नाही. केंद्राचा पासवर्ड मात्र कोणालाच सांगायचा नाही, मशीनमध्ये एकदा टाकला की संपलं. फोन नंबर तर आजच काढ, तो बाहेर बोर्डावरच लिहिलेला असणार! त्यापेक्षा रोमन अक्षरांत चार असंबद्ध मराठी शब्द टाक, कढीपत्ता हार्मोनियम छत्री तलावपाळी असं काहीतरी (हेच टाकू नकोस म्हणजे झालं).

कॅमेरेवाल्याने केलंय ते ‘वेगळंच काहीतरी’ म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग असणार, मी पैजेवर सांगतो. कमिटीवाल्यांना घरबसल्या मोबाइलवर केंद्र दिसावं म्हणून डीव्हीआरसाठी राउटरमध्ये बाहेरून दार उघडून ठेवतात, डीव्हीआरचा पासवर्ड तोच कंपनीचा, आणि मग जे कमिटीला दिसतं ते इतरांनाही दिसू शकतं. ती ओळ राउटरमधून काढ, डीव्हीआरचा पासवर्ड बदल, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट कर, आणि कंपनीच्या अ‍ॅपमधून बघायची सोय असेल तर ती वापरा. ती सोयही काही सोवळी नाही, फुटेज दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जातं, पण निदान तुमच्या राउटरला बाहेरून भोक राहत नाही. मला विचारशील तर कमिटीने रोज रात्री मोबाइलवर रिकाम्या खुर्च्या बघायची गरज काय, पण ते जाऊ दे.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं खातं. राउटरमध्ये तिथे ९.९.९.९ आणि दुसऱ्या रकान्यात १४९.११२.११२.११२ टाक. हे क्वाड९ चं आहे, फुकट आहे, आणि माहीत असलेल्या फसव्या साइटचा पत्ताच देत नाही, त्यामुळे कोणी खोट्या बँकेच्या लिंकवर क्लिक केलं तरी पुष्कळदा पान उघडतच नाही. दुसऱ्या रकान्यात सवयीने गुगलचं ८.८.८.८ टाकू नकोस, मग अर्ध्या वेळेला गाळणी बाजूलाच राहील. राउटरमध्ये बदलू देत नसतील तर पाचही मशीनवर वेगवेगळं टाक. आणि इथेही राउटरचा पासवर्ड आठव, कारण तो ज्याच्या हातात त्याच्या हातात डीएनएस. २०११ मध्ये एफबीआयने पकडलेल्या डीएनएसचेंजरवाल्यांनी जगभरात चाळीसेक लाख कॉम्प्युटरांचं डीएनएस आपल्याकडे वळवून ठेवलं होतं, आणि लोकांना पत्ता नव्हता.

आता हिशेबवाले काका. त्यांचा राग मला पटतो, आणि म्हणून एक गोष्ट तू करू नकोस, ती ‘फॅमिली’वाली डीएनएस लावू नकोस जी अडल्ट साइटही बंद करते. सत्तरीचा माणूस नेटवर काय बघतो हे ठरवणारी तू कोण? त्याच्या मशीनला बाहेरून कोण हात लावू शकतं तेवढंच तुझ्या अखत्यारीत. काकांना हेच सांग, की तुम्ही काय वाचायचं, कोणाशी बोलायचं, यातलं मी काही बंद केलेलं नाही, आणि जे केलंय त्यातलं काही तुम्हाला उघडून हवं असेल तर कशासाठी ते सांगा, मी उघडून देते. माझ्या अनुभवात अशी माणसं यादी मागतात, यादी वाचतात, आणि मग ‘हे यूपीएनपी काय आम्हाला नकोच होतं’ म्हणतात.

मात्र एक खरं सांगतो, यातलं काहीही त्या ‘आज रात्री तुमची वीज कापणार’वाल्या फोनला अडवत नाही. तिथे चोर न बोलावता येत नाही, आपलाच माणूस त्याच्या सांगण्यावरून एनीडेस्क (दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं अ‍ॅप) उघडून नंबर वाचून दाखवतो, आणि ते इन्स्टॉल न करताही चालतं, म्हणजे स्टँडर्ड अकाउंटही पुरं पडत नाही. त्यासाठी प्रत्येक मॉनिटरच्या खाली एक पट्टी चिकटव, फोनवर कोणी कॉम्प्युटरला हात लावायला सांगितलं तर फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लगेच म्हणजे मुलगा ऑफिसातून आल्यावर नाही, त्याच मिनिटाला, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी थांबवायची संधी तेवढीच असते.

विंडोज ७ चं मशीन नेटला जोडूच नकोस, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, वाढीव अपडेटही ठरावीक काळापुरतेच, आणि दान आलेली मशीनं विंडोज ११ बहुधा घेणार नाहीत, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. तेव्हा विंडोज ७ वाल्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून एक महिना बघ, ज्यांना फक्त ब्राउझर लागतो त्यांना दोन दिवसांत फरक कळेनासा होतो. फक्त तिथेही तेच, मिंटमध्ये फायरवॉल आत असते पण डिफॉल्ट बंद असते, मेनूत फायरवॉल शोध आणि बटण चालू कर.

तू टेस्टर आहेस म्हणून निघायच्या आधी टेस्टही करून घे. आपला मोबाइल गेस्ट वायफायवर टाकून राउटरचं पान आणि प्रिंटरचा पत्ता उघडून बघ, दोन्ही उघडता कामा नयेत. मग स्टँडर्ड अकाउंटवरून, नेटवर्क प्रिंटर असेल तर प्रत्येक मशीनवरून, एकेक प्रिंट आणि एकेक व्हिडिओ कॉल, हे दोन्ही झालेच पाहिजेत.

शेवटी सगळे पासवर्ड, प्रिंटरचा पत्ता, राउटरमध्ये काय काय बंद केलंय ते, एका कागदावर पेनाने लिही. पासवर्ड कागदावर लिहू नये असं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण कपाटात कुलपाखाली असलेल्या पाकिटापर्यंत इंटरनेटवरचा चोर पोचत नाही, आणि तू उद्या पुण्याला गेलीस तर केंद्राला ते लागणारच आहे. पाकीट सेक्रेटरींच्या ताब्यात दे, वर तारीख टाक. नेटवाला कधीतरी राउटर बदलून जाईल आणि नवीन डबा परत अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनवर येईल, तेव्हा हाच कागद धरून दुसऱ्या कोणालाही तासाभरात सगळं पुन्हा लावता येईल. नेटवाल्याचा आणि कॅमेरेवाल्याचा नंबरही त्याच कागदावर लिहून ठेव.